दोन मॉनिटर, एक डेस्कटॉप: केबली कुठल्या घ्याव्यात?

हिशेबनीस, पर्वरी

करसल्लागाराच्या कार्यालयात एका टेबलावर दोन मॉनिटर मांडायचे आहेत. एकावर टॅली, दुसऱ्यावर जीएसटी पोर्टल आणि एक्सेल. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. दिवसभर अक्षरं आणि आकडेच वाचायचे असतात, त्यामुळे अक्षर स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढीच अट.

सामान असं आहे. डेस्कटॉपच्या मागे मदरबोर्डाची एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय. त्याखाली ग्राफिक्स कार्ड: एक एचडीएमआय २.०, एक डिस्प्लेपोर्ट १.४, एक डीव्हीआय-डी. नवा मॉनिटर २७ इंची, २५६० × १४४०, ७५ हर्ट्‌झ. त्याला एक एचडीएमआय १.४ आणि एक डिस्प्लेपोर्ट १.२. जुना साडेएकवीस इंची, १९२० × १०८०, ६० हर्ट्‌झ. त्याला एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए.

सीपीयू टेबलाखाली उजव्या हाताला असेल, दोन्ही मॉनिटर आर्मवर. दुकानदार म्हणतो, कार्डाला एचडीएमआय एकच आहे, तेव्हा स्प्लिटर घ्या, दोन्ही मॉनिटर चालतील. ते बरोबर आहे का? केबल किती मीटरची घ्यावी? आणि याच मॉनिटरना अधूनमधून लॅपटॉप जोडायचा झाला तर काय लागेल?

तारकाम, मडगाव

स्प्लिटर घेऊ नका. एचडीएमआय स्प्लिटर एकाच चित्राच्या दोन प्रती काढतो. कॉम्प्युटरला समोर एकच मॉनिटर दिसतो, त्यामुळे विंडोजमध्ये ‘एक्स्टेंड’ हा पर्याय चालतच नाही. जे टॅली डावीकडे, तेच टॅली उजवीकडे. वर आणखी एक तोटा: दोन्ही मॉनिटरना झेपेल असं चित्र पाठवायचं म्हणून बरेचसे स्प्लिटर कमी क्षमतेच्या मॉनिटरला धरून चालतात, म्हणजे तुमचा २७ इंचीसुद्धा १९२० × १०८० वर येऊन बसेल आणि अक्षरं फिस्कटतील. दुकानासमोरच्या टीव्हींवर एकच जाहिरात दाखवायची असेल तेव्हा स्प्लिटर उपयोगी. इथे नाही.

तुमच्याकडे लागणारे पोर्ट आधीच आहेत. २७ इंची डिस्प्लेपोर्टवर, जुना एचडीएमआयवर. दोन्ही केबली साध्या, दोन्ही टोकांना सारखाच कनेक्टर, मध्ये कुठलाही डबा नाही. डीव्हीआय रिकामी राहू द्या.

आणि दोन्ही केबली ग्राफिक्स कार्डालाच लावा. कार्डाचे पोर्ट खाली, सहसा आडवे असतात. मदरबोर्डाचे वर, यूएसबीच्या शेजारी. एक केबल वर, एक खाली असं लावलं की बहुतेक मशीनवर वरचा मॉनिटर काळाच राहतो, कारण कार्ड बसल्यावर मदरबोर्ड आपलं डिस्प्ले आउटपुट बंद करतो. प्रोसेसर इंटेलचा असेल आणि त्याच्या क्रमांकाच्या शेवटी एफ असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतंच, वरचे पोर्ट केवळ शोभेचे.

मांडवीकाठ, पणजी

तारकाम बाबांशी सहमत. २७ इंची मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर का, ते आकड्यांत सांगतो, म्हणजे पुढे मॉनिटर बदलला तरी हिशेब तुमचा तुम्हाला करता येईल.

आडवे पिक्सेल × उभे पिक्सेल × हर्ट्‌झ × २४ बिट (एका पिक्सेलच्या रंगाचे). त्यावर प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी रिकामी जागा जाते, तिचे थोडे टक्के धरायचे. असं केलं की:

१९२० × १०८०, ६० हर्ट्‌झ: सेकंदाला साधारण ३.३ ते ३.६ गीगाबिट
२५६० × १४४०, ६० हर्ट्‌झ: ५.८
२५६० × १४४०, ७५ हर्ट्‌झ: ७.३
३८४० × २१६० (४के), ६० हर्ट्‌झ: १२.८, एचडीएमआयच्या टायमिंगने १४.३

आता पोर्टांकडे पाहा. खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो, पण त्यातला काही भाग कोडिंगमध्येच जातो, म्हणून मी चित्रासाठी खरोखर उरणारा आकडा देतो. एचडीएमआय १.४ चे १०.२ लिहितात, उरतात ८.१६. एचडीएमआय २.० चे १८ लिहितात, उरतात १४.४. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये १७.२८ उरतात, १.४ मध्ये २५.९२.

तुमच्या २७ इंचीचे ७.३ हे एचडीएमआय १.४ च्या ८.१६ मध्ये जेमतेम बसतात, पण पुष्कळ मॉनिटर एचडीएमआयवर मुद्दाम कमी हर्ट्‌झ देतात. मॅन्युअलच्या शेवटी ‘सपोर्टेड टायमिंग’ असा तक्ता असतो, त्यात प्रत्येक पोर्टाचं वेगळं लिहिलेलं असतं, तो वाचा. डिस्प्लेपोर्टवर निम्म्याहून अधिक जागा शिल्लक राहते, प्रश्नच येत नाही.

दोन टोकांपैकी जे टोक कमी, त्यावर सगळं ठरतं. कार्डाची एचडीएमआय २.० आहे म्हणून १.४ च्या मॉनिटरवर २.० चालणार नाही, केबल कितीही भारी घेतली तरी.

कुळागर, फोंडा

मग केबलीवर ‘२.१, ८के’ लिहिलेलं असतं त्याचं काय? तीच घेतली तर पुढची चिंता मिटते ना?

मांडवीकाठ, पणजी

कुळागर ताई, १.४, २.०, २.१ हे क्रमांक पोर्टांचे. केबलीचे अधिकृत वर्ग वेगळे आहेत. ‘हाय स्पीड’ म्हणजे १०.२ गीगाबिटपर्यंत, ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ पर्यंत, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ पर्यंत. खोक्यावर कोणीही ‘२.१’ छापू शकतो. प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन वर्गांच्या तपासलेल्या केबलीच्या खोक्यावर क्यूआर असलेलं स्टिकर लागतं, आणि एचडीएमआयच्याच केबल तपासणी ॲपने ते स्कॅन होतं. स्टिकर नसेल तर छापलेल्या आकड्याला किंमत देऊ नका.

१९२० × १०८० साठी साधी हाय स्पीड पुरते. अल्ट्रा लावल्याने रंग उजळ होत नाहीत की अक्षर ठळक होत नाही. आकड्यांच्या रूपात गेलेलं चित्र पोचलं तर पूर्ण पोचतं, नाहीतर पांढरे ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो किंवा ‘नो सिग्नल’ येतं. शिवाय अल्ट्रा केबल जाड आणि ताठ असते. आर्मवरचा मॉनिटर फिरवला की तिचा सगळा ताण सॉकेटवर येतो, आणि सॉकेट मॉनिटरच्या बोर्डावर नुसतं डाग देऊन बसवलेलं असतं. पुढे ४के ६० हर्ट्‌झचा मॉनिटर घ्यायचा पक्का विचार असेल तर आजच प्रीमियम हाय स्पीड घ्या. त्यापलीकडे जायचं कारण नाही.

तारकाम, मडगाव

डिस्प्लेपोर्ट केबलीबद्दल दोन गोष्टी, दोन्ही खिशाला आणि यंत्राला लागणाऱ्या.

एक: विसावी पिन. डिस्प्लेपोर्टच्या पोर्टात विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, ॲडॉप्टरला वीज देण्यासाठी. कॉम्प्युटर ते मॉनिटर अशा साध्या केबलीत ही पिन दोन टोकांना जोडलेली नसावी, असा नियम आहे. स्वस्त केबलीत ती जोडलेली सापडते. मग मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते. लक्षणं ओळखा: सीपीयू बंद करूनही कार्डाचा किंवा मदरबोर्डाचा दिवा मंद लुकलुकतो, बटण दाबल्यावर मशीन सुरू होत नाही, पण मॉनिटरची केबल काढली की लगेच सुरू होतं, झोपवलेला मॉनिटर उठत नाही. मल्टिमीटर असेल तर तपासणी सोपी: केबल दोन्हीकडून सोडवा आणि दोन टोकांच्या विसाव्या पिनांमध्ये कंटिन्युइटी पाहा. बीप आला तर केबल परत करा. व्हेसाने (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) प्रमाणित केलेली केबल घेतली की हा घोळ टळतो.

दोन: खटका. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच कनेक्टरला वर एक दाबायची पट्टी असते आणि तिला जोडलेले दोन बारीक आकडे सॉकेटमध्ये अडकतात. पट्टी पूर्ण दाबून सरळ ओढायचं. न दाबता हिसडा दिला की सॉकेटचं पत्र्याचं तोंड वाकतं, मग केबल सैल बसते आणि मॉनिटर हलला की चित्र जातं. कार्डामागे जागा अरुंद असेल तर बिनखटक्याची केबल बघा, तीही मिळते.

लांबीचं म्हणाल तर डिस्प्लेपोर्ट २ मीटरपर्यंत निर्धास्त. तुमच्या मॉनिटरला ३ मीटरचीही चालेल, कारण १.२ ची गती कमी आहे. १.४ च्या पूर्ण गतीला २ मीटरपुढची साधी तांब्याची केबल भरवशाची नाही.

चिरेबंदी, म्हापसा

मीटरचा अंदाज डोळ्यांनी करू नका. सुतळी घ्या. कार्डाच्या पोर्टापासून टेबलाच्या मागच्या पायापर्यंत, पायावरून वर, टेबलाच्या कडेने आर्मच्या खांबापर्यंत, खांबावरून वर, आर्मच्या दोन्ही सांध्यांवरून मॉनिटरच्या पोर्टापर्यंत. हे करताना आर्म पूर्ण ताणून, सगळ्यांत दूर आणि सगळ्यांत उंच धरायचा. प्रत्येक सांध्यापाशी चार बोटं ढील द्या, सीपीयू बाहेर ओढून मागचं झाकण काढता यावं म्हणून खाली ३० सेंटिमीटर वाढवा. आता सुतळी मोजा. टेबलाखाली उजवीकडे सीपीयू असेल तर उजव्या मॉनिटरला २ मीटर पुरतात. डाव्या मॉनिटरला बऱ्याचदा अडीचच्या वर लागतात, म्हणजे ३ ची केबल.

यावरून पुढचं ठरवा: २७ इंची उजवीकडे, म्हणजे सीपीयूच्या बाजूला ठेवा. डिस्प्लेपोर्ट २ मीटरची पुरेल. डावीकडच्या जुन्याला ३ मीटरची एचडीएमआय; १९२० × १०८० ला ३ मीटर म्हणजे काहीच नाही. दोन्ही ५ मीटरच्या घेऊन उरलेल्याची गुंडाळी टेबलाखाली टांगणं हे वाईट. वजन लोंबतं आणि झाडलोट करताना पाय अडकतो.

मॉनिटरचे पोर्ट खाली तोंड करून असतील तर सरळ कनेक्टर चालतो. पाठीला काटकोनात असतील आणि मॉनिटर भिंतीला चिकटून असेल तर काटकोनी कनेक्टरची केबल घ्या, पण वळण वर की खाली, डावं की उजवं हे मॉनिटरपाशी उभं राहून ठरवून घ्या. उलट वळणाची आली की शेजारचा पोर्ट झाकते.

कुळागर, फोंडा

माझ्या कार्डाला तीन डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरना फक्त एचडीएमआय. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी सरळ केबल मिळते, ती चालते का?

मांडवीकाठ, पणजी

चालते, एका दिशेने. कार्डाच्या डिस्प्लेपोर्टपाशी दोन अधिक चिन्हं असलेली खूण असेल, म्हणजे तो ‘ड्युअल मोड’ पोर्ट असेल, तर तो स्वतःच एचडीएमआयचे सिग्नल काढतो. केबल फक्त व्होल्टेजची पातळी बदलते. यातल्या जुन्या प्रकारच्या केबली १९२० × १२०० पर्यंत जातात, दुसऱ्या प्रकारच्या २५६० × १४४० ६० हर्ट्‌झ किंवा ४के ३० हर्ट्‌झपर्यंत. ४के ६० हर्ट्‌झ हवं तर आत चिप असलेला ‘ॲक्टिव्ह’ ॲडॉप्टर लागतो.

उलट दिशा, म्हणजे लॅपटॉपची एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट, ही या केबलीने कधीच चालत नाही. त्याला वेगळा ॲक्टिव्ह ॲडॉप्टर मिळतो, त्याला यूएसबीतून वीज द्यावी लागते. ऑनलाइन मागवताना नावात ‘कडून’ कोणतं आणि ‘कडे’ कोणतं ते दोनदा वाचा. परत पाठवाव्या लागणाऱ्या केबलींत याच सगळ्यांत जास्त.

तशीच गत डीव्हीआयची. हिशेबनीस यांच्या कार्डाला डीव्हीआय-डी आहे, तिच्यात व्हीजीएचे ॲनालॉग सिग्नल नसतात. आडव्या पात्याभोवती चार पिनांची भोकं दिसली तर ती डीव्हीआय-आय, तिच्यातून साध्या ॲडॉप्टरने व्हीजीए निघते. डी वर तो ॲडॉप्टर बसतच नाही, आणि भोकं असलेल्या भलत्याच तुकड्यातून बसवला तरी चित्र येत नाही.

खारीहवा, वास्को

व्हीजीएला सगळ्यांनी इतकं टाकाऊ ठरवू नये. जुन्या मॉनिटरला १.५ मीटरची जाड, दोन्ही टोकांना फेराइटचे (बाहेरचा विद्युत हेलकावा अडवणारे) गोळे असलेली व्हीजीए केबल लावली आणि मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबलं की १९२० × १०८० वाचण्यालायक दिसतं. ऑटो दाबताना पडद्यावर एक्सेलची रेघारेघांची शीट उघडून ठेवा. काळ्या पडद्यावर दाबलं तर मॉनिटरला कडा सापडत नाहीत. पण कार्डाला व्हीजीए नसताना ॲडॉप्टर घेऊन व्हीजीए वापरण्यात अर्थ नाही. एचडीएमआय ते व्हीजीएच्या बोटभर ॲडॉप्टरला पोर्टातून ५ व्होल्टवर निदान ५५ मिलिअँपिअर मिळतील एवढीच हमी असते. काहींना तेवढे पुरत नाहीत, मग ते गरम होतात आणि चित्र ये-जा करतं.

मला खरं बोलायचं आहे ते खाऱ्या दमट हवेबद्दल. वास्को, पणजी, मिरामार, किनाऱ्याची सगळी पट्टी. आणि पावसाळ्यात आतले तालुकेही. इथे केबल तुटून कमी जाते, कळंक चढून जास्त. कनेक्टरच्या आतल्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असेल तर टिकतो. निकेलच्या कवचावर पांढरट-हिरवा थर येतो. दुकानात सोन्याचा मुलामा ‘चित्र चांगलं’ म्हणून विकतात, ते चूक. तो गंजू नये म्हणून असतो, आणि गोव्यात त्यासाठीच घ्यावा.

लक्षण असं: सकाळी मॉनिटर लावला की ‘नो सिग्नल’, केबल काढून पुन्हा खोचली की चालू. पुन्हा खोचताना घासून थर तात्पुरता निघतो, म्हणून. दर चार दिवसांनी असं करत राहिलात तर सॉकेटच्या स्प्रिंगा सैल पडतात. त्यापेक्षा एकदाच नीट साफ करा. मॉनिटर आणि सीपीयू दोन्हींच्या पिना भिंतीतून काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, मऊ ब्रशला लावून कनेक्टरच्या आत एकाच दिशेने फिरवा. सॉकेटमध्ये धातूचं काहीही घालू नका. दहा मिनिटं सुकू द्या, मग जोडा. डब्यातला काँटॅक्ट क्लीनर स्प्रेही चालतो. बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट स्प्रे मात्र नको, त्याचा पातळ थर मागे राहतो आणि धूळ धरतो.

रिकाम्या पोर्टांना रबराची टोपणं घाला. जादा केबली सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून झिपच्या पिशवीत ठेवा. मे महिन्यात एकदा आणि चतुर्थीच्या सुट्टीनंतर मशीन पहिल्यांदा लावण्याआधी एकदा कनेक्टर बघून घ्या, कारण बंद कार्यालयात, एसी-पंखा नसताना, ओल सगळ्यांत जास्त धरते.

चिरेबंदी, म्हापसा

याला जोडून अर्थिंग. हा धागा केबलीचा असला तरी अर्थिंगशिवाय पुरा होत नाही. एचडीएमआयचं बाहेरचं कवच दोन यंत्रांच्या अर्थला एकमेकांशी जोडतं. सीपीयू एका सॉकेटवर आणि मॉनिटर पलीकडच्या भिंतीवरच्या सॉकेटवर असेल, आणि त्यातल्या एकाला अर्थ नसेल, तर फरकाचा करंट केबलीतून वाहतो. केबल खोचताना बोटाला झिणझिण्या येतात किंवा बारीक ठिणगी दिसते. हाताला फार काही होत नाही, पण त्या क्षणी सिग्नलच्या पिना टेकल्या आणि कवच टेकलं नाही तर पोर्टची चिप जाते. मॉनिटर चांगला, कार्ड चांगलं, पोर्ट मेला.

उपाय. दोन्ही मॉनिटर, सीपीयू, लॅपटॉपचा चार्जर, सगळं एकाच तीन पिनांच्या स्पाइक गार्डवर, आणि तो एकाच भिंतीच्या सॉकेटवर. तीन पिनांची दोन पिन करणारा तुकडा टेबलावर असेल तर फेकून द्या. वायरमनकडून त्या सॉकेटचा न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्या: लोड चालू असताना २–३ व्होल्टच्या आत हवं. पाच-दहाच्या वर गेलं तर अर्थिंग बघायला लागेल. चिऱ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो, म्हणून मोजणी पावसात करून समाधान मानू नका, उन्हाळ्यात करा. खड्ड्यात पाणी घालायचा पाइप बुजला असेल तर तो आधी मोकळा करा.

आणि मान्सूनच्या तोंडावर वीज कडाडते तेव्हा स्पाइक गार्डचं बटण बंद करून भागत नाही. पिन भिंतीतून बाहेर काढा, राउटरची लॅन केबलसुद्धा सीपीयूतून काढा. ब्रॉडबँडची तांब्याची तार असेल तर झटका तिकडूनही शिरतो. फायबरच्या काचेतून येत नाही, पण राउटरच्या ॲडॉप्टरमधून येऊ शकतो.

रानवाट, साखळी

वेगळा त्रास. मॉनिटर मधूनच दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. विहिरीचा पंप सुरू झाला की हमखास, एरवीही कधीकधी. दोन्हीपैकी एकच मॉनिटर. केबल बदलू का?

तारकाम, मडगाव

बदलण्याआधी क्रमाने तपासा, नाहीतर पैसे जातील आणि त्रास राहील.

पहिलं, दोन्ही मॉनिटरच्या केबली आपसांत बदला, शक्य नसेल तर त्याच केबलीची टोकं उलटी लावा. त्रास केबलीबरोबर दुसरीकडे गेला तर केबल. जागच्या जागी राहिला तर पोर्ट किंवा मॉनिटर. दुसरं, त्या मॉनिटरचे हर्ट्‌झ ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन उतरवा, ७५ चे ६०, ४के असेल तर ६० चे ३०. उतरवल्यावर त्रास थांबला तर केबल काठावर चालत होती. आखूड किंवा वरच्या वर्गाची घ्या. तिसरं, पंपाची वेळ जुळते म्हणताय, तर बाहेरचा हेलकावा केबलीत शिरतोय. व्हिडिओ केबल आणि २३० व्होल्टची वायर एकाच पट्टीत बांधली असेल तर वेगळी करा, निदान वीतभर अंतर ठेवा. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडू द्या. दुहेरी शिल्डिंगची केबल घ्या, मॉनिटरच्या टोकाजवळ चिमट्याचा फेराइट लावा. आणि चिरेबंदी बाबांनी सांगितलेलं अर्थिंग.

एरवीही होतं म्हणालात ना? खुर्चीवरून उठताना होतं का ते बघा. गॅसच्या दांड्याच्या खुर्चीतून उठताना किंवा बसताना स्थिर विजेचा स्फुल्लिंग उडतो आणि त्याच्या लहरीने कमजोर शिल्डिंगच्या केबलीवरचा मॉनिटर क्षणभर जातो. यूएसबीतून मॉनिटर चालवण्याचं तंत्र बनवणाऱ्या डिस्प्लेलिंकसारख्या कंपनीनेही आपल्या मदतीच्या पानावर हे नोंदवलं आहे. पावसाळ्यात हवा दमट असल्याने कमी होतं, एसीच्या कोरड्या खोलीत जास्त.

हिशेबनीस, पर्वरी

सगळ्यांचे आभार. लॅपटॉपचं राहिलं. त्याला एक यूएसबी-सी आहे आणि एक एचडीएमआय.

मांडवीकाठ, पणजी

एचडीएमआयवर जुना मॉनिटर जोडला की तो प्रश्न मिटला. यूएसबी-सी मध्ये चित्र निघतं की नाही ते छिद्राच्या आकारावरून कळत नाही. शेजारी डी आणि पी गुंफलेली खूण असेल किंवा वीज कोसळल्यासारखा बाण असेल तर निघतं. नुसती यूएसबीची त्रिशूळासारखी खूण किंवा बॅटरीचं चित्र असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड’ शोधा. नाही लिहिलं तर नाही निघत.

निघत असेल तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी दीड-दोन मीटरची सरळ केबल २७ इंचीला लावा. हबपेक्षा, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डब्यापेक्षा, हे बरं. फोनच्या चार्जरबरोबर आलेली सी-टू-सी केबल यासाठी वापरू नका. तिच्यात बहुधा यूएसबी २.० च्याच तारा असतात. चार्ज होतं, चित्र येत नाही, आणि माणूस लॅपटॉपला दोष देत बसतो.

हब घ्यायचाच असेल तर एक गणित लक्षात घ्या. यूएसबी-सी मध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबने वेगवान यूएसबीही दिली तर दोन जोड्या तिकडे जातात, चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या गतीने दोन जोड्यांत ८.६४ गीगाबिट. दोन १९२० × १०८० चे मॉनिटर यात मावतात, ६.६ लागतात. तुमचे दोन, ६० हर्ट्‌झवरसुद्धा, ५.८ आणि ३.३ मिळून ९.१. मावत नाहीत. मग एक मॉनिटर ३० हर्ट्‌झवर येतो किंवा लागतच नाही. माउसचा बाण अडखळत सरकताना दिसला तर समजा, ३० हर्ट्‌झवर आहात. लॅपटॉप आणि हब दोन्ही १.४ चे असतील तर त्याच दोन जोड्यांत १२.९६ मिळतात आणि सगळं बसतं. म्हणून हबच्या खोक्यावर ‘ड्युअल ४के’ वाचून भागत नाही, आवृत्ती विचारा.

मॅक असेल तर आधीच सांगतो: एकाच डिस्प्लेपोर्ट धाग्यातून दोन वेगळे पडदे काढायची जी सोय विंडोजवर आहे, ती मॅकओएसमध्ये नाही. विंडोजवर दोन पडदे दाखवणारा हब मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो. साध्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुकला बाहेरचा मॉनिटर मुळात एकच चालतो. तिथे डिस्प्लेलिंकचा डॉक आणि त्याचं सॉफ्टवेअर हाच मार्ग, आणि त्यावर काही ओटीटी व्हिडिओ काळे दिसतात. टॅलीला फरक पडत नाही.

खारीहवा, वास्को

जोडून झाल्यावर रंग नक्की तपासा. एचडीएमआयवरचा मॉनिटर फिकट, काळ्याच्या जागी राखाडी दिसला तर केबल निर्दोष आहे. कार्ड त्याला टीव्ही समजून मर्यादित रंगपल्ला पाठवतंय. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’ उघडा, खाली ‘आउटपुट कलर फॉरमॅट’ आरजीबी करा, ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल करा. ४केचा मॉनिटर जुन्या एचडीएमआयवर ६० हर्ट्‌झला ओढला की रंगाची माहिती चतुर्थांशावर आणतात, ४:२:० म्हणतात त्याला. फोटोत कळत नाही, पण काळ्यावर लाल देवनागरी लिहून बघा: अनुस्वार पुसट, वेलांटीच्या कडा विस्कटलेल्या. तसं दिसलं तर हर्ट्‌झ उतरवा किंवा डिस्प्लेपोर्टवर जा.

हिशेबनीस, पर्वरी

दोन मीटरची प्रमाणित डिस्प्लेपोर्ट आणि तीन मीटरची हाय स्पीड एचडीएमआय, दोन्ही बिनॲडॉप्टरच्या, असं ठरवलं. अर्थिंग उद्या वायरमनकडून मोजून घेतो, ते झाल्यावरच जोडणी. शेवटचा प्रश्न: विंडोजमध्ये जुन्या मॉनिटरला १ आणि नव्याला २ क्रमांक मिळाला तर केबली उलटसुलट कराव्या लागतील का?

चिरेबंदी, म्हापसा

नाही. क्रमांक विंडोज आपल्या मनाने देतं, त्याने काही अडत नाही. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘आयडेंटिफाय’ दाबा, चौकटी धरून टेबलावर आहेत तशा डाव्या-उजव्या मांडा. २७ इंची निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ला टिक करा. चौकटींच्या खालच्या कडा जुळवा, कारण १४४० आणि १०८० ची उंची वेगळी आहे. वरच्या कडा जुळवल्या तर खालून माउस पलीकडे जात नाही, भिंतीला अडल्यासारखा थांबतो. स्केलिंग दोन्हीला १०० टक्के ठेवा. २७ इंचीवर इंचाला १०९ पिक्सेल येतात, साडेएकवीसवर १०२, म्हणजे खिडकी इकडून तिकडे नेली तरी अक्षराचा आकार जवळपास तोच राहतो. मग ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’त जाऊन २७ इंचीचे हर्ट्‌झ हाताने ७५ करा, विंडोज पुष्कळदा ६० वरच सोडून देतं.